बाजाराकडचं घड्याळ

"गुलाब, तुझ्या घोड्याचा नाल ढिला झालाय," मी म्हणालो.

गुलाब शिकलगारानं विडीचा झुरका पुरता घेतला, सावकाश घोड्याच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कालच ठोकलाय. ढिलं झालं असंल तर तुझंच कायतरी. नंबर माझा हाय, हैबती."

"एवढं भाडं मला दे. उद्याचे माझे पहिले दोन नंबर तू घे."

"दोन?"

"तीन घे, पर हे दे."

आमच्या टांगा स्टँडवर नंबर म्हणजे देवाची शपथ. जो रांगेत पुढं, भाडं त्याचं. जहागीरदार आला तरी पुढच्याच टांग्यात बसणार आणि फकीर आला तरी पुढच्याच. आलेलं भाडं नाकारलं की दिवसभर रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायचीही कुणाची छाती नव्हती. मी इतकी वर्षं टांगा हाकत होतो, पण दुसऱ्याचा नंबर कधी मागितला नव्हता. म्हणून गुलाबनं आता भाड्याकडं नीट पाहिलं.

एस.टी. स्टँडच्या बाजूनं एक जोडपं येत होतं. पुढं काळा कोट, काळी टोपी, काखेत छत्री आणि हातात जाडजूड वही असा एक सडपातळ माणूस. मागं दोन पावलांवर हिरव्या इरकलीतली बाई. ती मान खाली घालून चालत होती आणि चौकातल्या फरशीची भेग न् भेग पाठ असल्यासारखी पाय टाकत होती.

"आयला," गुलाब हळूच म्हणाला. "शिवलिंगाप्पा आडत्याची पोरगी न्हवं ही?"

"व्हय."

"महानंदा?"

"हळू बोल की."

गुलाबनं विडी विझवली. पाहुणा जवळ आला तसा तो खाली वाकला, घोड्याचा धडधाकट पाय उचलून धरला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब, माझ्या जनावराचा नाल ढिला झालाय! मागच्या टांग्यात बसा. त्यो गडी चौकाचा समदा इतिहास सांगतो." मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "आनि आज जरा खरं बोल. सवय न्हाई तुला, पर जमतंय का बघ."

शहराचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या निम्म्या घरांतल्या पाहुण्यांना मी कधी ना कधी थापा मारलेल्या आहेत, आणि त्या पाहुण्यांनी त्या पुढं आपल्या नातवंडांना इतिहास म्हणून पाजलेल्या आहेत. कृष्णाकाठचं, संस्थानाच्या काळातलं, मिरजेपासून फार लांब नसलेलं शहर, एवढं पुरे. शहर कुणाला माहीत नसलं तरी आमचा मनोरा चौक माहीत असायचा. मधोमध काळ्या दगडाचा उंच मनोरा आणि त्याच्या डोक्यावर चार दिशांना तोंडं केलेलं घड्याळ. मनोऱ्याच्या पायाशी आटलेलं कारंजं, कारंज्याशेजारी अर्धी जमिनीत गेलेली तोफ. उत्तरेला राजवाड्याचा रस्ता, दक्षिणेला हायस्कूल, पश्चिमेला आमचं स्टँड, आणि पूर्वेला कमान ओलांडली की धान्य बाजार. कोपऱ्यावर भडंगाची गाडी. संध्याकाळी लसणाच्या फोडणीचा वास सुटला की राजवाड्याकडं निघालेली माणसं आपोआप डावीकडं वळायची.

धान्य बाजारात टांग्याला मात्र बंदी होती. कोणे एके काळी कुणाच्या तरी घोड्यानं हरभऱ्याच्या पोत्यात तोंड घातलं आणि आडत्यांनी कमानीला साखळीच लावली. त्यामुळं मनोऱ्याचं पूर्वेचं तोंड आम्हा टांगेवाल्यांना कसं ते ठाऊकच नव्हतं. आमचं जग पश्चिमेच्या तोंडावर चालायचं.

महानंदा त्या बाजारातली. सोमवारी बाजार बंद, म्हणून दर सोमवारी तिची आई तिला घेऊन नदीकाठच्या महादेवाला जायची. टांगा माझा ठरलेला. टांग्यात बायका मागं बसतात, हाकणाऱ्याच्या पाठीकडं पाठ करून. आई स्टँडपासून शंभर पावलांत पेंगायला लागायची. दोन वर्षं मी आणि महानंदा असे पाठमोरे बोललो. तिचं तोंड मी थोडं पाहिलं आणि हसणं पुष्कळ ऐकलं. ते ऐकण्यासाठी मी चौकातल्या एकेका दगडाला एकेक इतिहास चिकटवत गेलो. लोक म्हणतात हैबती जन्मजात थापाड्या. साफ खोटं. मी बाविसाव्या वर्षी थापाड्या झालो.

मग तिला लातूरकडचं स्थळ आलं. अठ्ठावन्न साल. मी एका सोमवारी मागं न बघता म्हणालो, "रविवारी चारला मनोऱ्याखाली ये. साडेचारपर्यंत थांबतो. सव्वापाचच्या गाडीनं पुण्याला जाऊ, तिथं रजिस्टर करू."

बराच वेळ फक्त टापा वाजत राहिल्या. मग ती म्हणाली, "बघते."

रविवारी मी टांगा घेऊन मनोऱ्याखाली उभा राहिलो. ती आली नाही. महिन्याच्या आत तिचं लग्न लागलं. वरातीच्या दिवशी मी गावातच राहिलो नाही.

त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मला एवढंच हवं होतं, कुणीतरी सांगावं की त्या रविवारी ती घरातून निघाली होती की नाही. नव्हती निघाली, असं कळलं असतं तरी मी सुटलो असतो. तेवढं एक विचारायचं होतं आणि ती आता माझ्या टांग्यात, माझ्या पाठीशी बसत होती, आणि तिचा नवरा माझ्या शेजारी.

"मी विरूपाक्ष तोडकर," नवरा वही उघडत म्हणाला. "लातूरला हायस्कूलात इतिहास शिकवतो. सौभाग्यवतींचं माहेर इथलंच. लग्नानंतर सासरे लगेच बार्शीला गेले, त्यामुळं येणं झालं नाही. परवा ह्या म्हणाल्या, एकदा चौक दाखवा. म्हटलं चला, टिपणंही होतील."

"बरं केलंत, सर. चौक बघायचा तर टांग्यातनंच. पायी बघणाऱ्याला नुसते दगड दिसतात."

"आणि टांग्यातून?"

"मी दिसतो."

मागून काहीच आवाज आला नाही. पूर्वी आला असता.

मी मैनेला, म्हणजे माझ्या घोडीला, चुचकारलं आणि टांगा तोफेपाशी आणला. "ही तोफ, सर. हिचं नाव गोदावरी. आयुष्यात एकदाच उडाली. सरकारांचा वाढदिवस होता. गोलंदाजानं दारू दुप्पट भरली. गोळा जो वर गेला, तो अजून खाली आलेला नाही."

तोडकर सरांची पेन्सिल थांबली. "अजून?"

"म्हणून तर बघा, त्या अंगाला एकही घर दुमजली नाही. उगंच जोखीम कोण कशाला पत्करंल?"

"पुरावा?"

"गोळा पडला की मिळंलच."

सरांनी लिहिलं नाही, पण ओठ किंचित हलले. कारंज्यापाशी मी त्यांना सांगितलं की थोरल्या राणीसाहेबांनी इथं नऊ दिवस गुलाबपाणी सोडलं होतं, आणि गावातल्या बायकांनी त्याचा चहा करून पाजल्यामुळं अख्खी पंचक्रोशी नऊ दिवस एकमेकांशी गोड बोलत होती. दहाव्या दिवशी सगळी भांडणं साचलेली निघाली, तेव्हा कारंजं कायमचं बंद करावं लागलं.

"हे कोणत्या बखरीत आहे?"

"बखर त्याच भांडणात फाटली."

"अहो टांगेवाले," सर म्हणाले, "तुम्ही माझ्या वर्गात असतात तर मी तुम्हाला बाकावर उभं केलं असतं."

"मग आत्ता बसलोय ते बरं हाय की."

ते हसले. माणूस सरळ होता. तो खडूस असता तर मला बरं वाटलं असतं. मागं मात्र तशीच शांतता. एकदा मला शंका आली, की बाई वाटेत उतरून गेल्या की काय. मी बांगड्या ऐकू येतात का म्हणून कान दिला. येत होत्या.

टांगा मनोऱ्याच्या पश्चिम कोपऱ्याशी, झाडाच्या सावलीत आणून उभा केला. मार्गशीर्षातली दुपार, ऊन सौम्य होतं. वरच्या नक्षीत कबुतरं घुमत होती.

"चार तोंडांचं घड्याळ, सर. तोंडं चार, आणि चारांचं चार तऱ्हेचं. पश्चिमेचं आमचं, रेल्वेला धरून चालणारं. पूर्वेचं बाजाराचं, ते बिचारं सदा मागं."

"ते कसं शक्य आहे? आत यंत्र एकच असतं. चारही काटे त्याच्यावरच फिरतात."

"यंत्र एकच, पर कबुतरं सगळी बाजाराकडची. ज्वारी खाऊन एकेक पावशेराचं अर्धा शेर झालेलं. मिनिटकाटा आडवा आला की ती त्याच्यावर ओळीनं बसतात. मग काट्याला चढण चढवत न्हाई. एवढी वीस-पंचवीस धष्टपुष्ट जनावरं पाठीवर घेऊन तुम्ही तरी चढाल का?"

ही थाप माझ्या आवडीची. मी ती रोज मारायचो आणि रोज हशा पिकायचा. सर हसलेही. हसत हसत त्यांनी वही मिटली. "कबुतरं! टांगेवाले, याला तरी पुरावा असेल ना?"

"आहे," मागून आवाज आला.

माझ्या हातातला लगाम सैल पडला. अकरा वर्षांत तो आवाज थोडा खाली उतरला होता, एवढंच.

"खरं आहे ते," महानंदा म्हणाली. "बाजाराकडच्या काट्यावर कबुतरं बसायची. खिळा ढिला होता तिकडचा. दर सोमवारी चावी द्यायला नगरपालिकेचा माणूस यायचा, तो काटा सारखा करायचा. मग रोज चार-पाच मिनिटं मागं पडायचं. रविवारपर्यंत अर्धा तास."

"आणि बाजारात कुणाच्या लक्षात यायचं नाही?" सरांनी विचारलं.

"कसं येणार? सगळा बाजार त्याच घड्याळावर. दुकानं त्याच्यावर उघडायची, त्याच्यावर मिटायची. सोमवारी काटा पुढं सरकायचा, तर सोमवारी बाजार बंद. बाजारातली माणसं आपल्या तोंडाकडं बघून निघायची आणि वाटेला लागायची. एकदा वेळ बघून आलेलं माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन परत कशाला वर बघेल?"

"हे मात्र टिपण्यासारखं आहे," म्हणत सरांनी वही पुन्हा उघडली.

मी वर बघितलं. पश्चिमेच्या तोंडात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कबुतरांची थाप मीच रचलेली होती, ह्याच बाईला हसवायला, एका सोमवारी. पूर्वेचं तोंड मी कधी बघितलेलंसुद्धा नव्हतं. आयुष्यात हजारो थापा मारल्या, त्यातली एकच खरी निघाली, आणि ती कळायला मला अकरा वर्षं लागली. रविवारी अर्धा तास.

मला सरळ विचारता येत नव्हतं. शेजारी तिचा नवरा पेन्सिलीला टोक करत होता. मग मला जे येत होतं, ते मी केलं.

"सर, ह्या मनोऱ्याची आणखी एक गोष्ट आहे. संस्थानाच्या काळात इथं एक शिपाई पहाऱ्याला असायचा."

"कोणत्या राजांच्या कारकिर्दीत?"

"मधल्या."

"बरं. पुढं?"

"बाजारातल्या एका मुलीवर त्याचा जीव होता. मोठ्या घरची मुलगी. तिचं लग्न दुसरीकडं ठरत होतं. शिपायानं तिला सांगितलं, रविवारी चारला मनोऱ्याखाली ये, आपण गाव सोडून जाऊ. रविवार उजाडला, शिपाई उभा राहिला." मी चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पुढं ती मुलगी आली की नाही, ह्याबद्दल इतिहासकारांत दुमत आहे."

मैनेनं माशी उडवायला कातडी थरथरवली.

"दुमत कशाला?" महानंदा म्हणाली. "आली होती."

सरांनी मान वळवून मागं बघितलं. "तुला माहीत आहे ही गोष्ट?"

"बाजारात सगळ्यांना माहीत आहे."

"मग सांग की. टांगेवाल्यांपेक्षा तुझ्यावर माझा जास्त विश्वास आहे."

"आईला देवळात जाते म्हणून सांगून आली. बाजाराच्या घड्याळात चारला पाच कमी होते. मनोऱ्याखाली कुणी नव्हतं. ती बाजाराच्याच बाजूला उभी राहिली. चार वाजले, सव्वाचार झाले. भडंगवाल्यानं दोनदा विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय? साडेचारला ती घरी गेली. तिला वाटलं, तो आलाच नाही. सरळ आहे, शिपाईच तो, भ्याला असेल. तिनं लग्नाला हो म्हटलं."

"आणि शिपायाला वाटलं, ती आली नाही," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "तिचं लग्नही रविवारीच झालं. आमच्याकडची रीत आहे, वरात मनोऱ्याला पुरा वळसा घालून जाते. नवरीनं मान वर करायची नसते. तिनं केली. पश्चिमेला शिपाई कुठं दिसतो का, ते बघायला. शिपाई दिसला नाही, घड्याळ दिसलं. बाजाराच्या बाजूला सहाला पाच कमी होते. वळसा घालून दहा पावलांवर येते, तर इकडं साडेसहाला आलेले."

"अरेरे!" सर म्हणाले. खरोखरच त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. "म्हणजे तिला तेव्हाच कळलं?"

"वरातीतच कळलं."

"काय केलं तिनं?"

"काय करणार? मान खाली घातली."

सर लिहायचं विसरले होते. मला उत्तर मिळालं होतं. ती आली होती. अकरा वर्षं ज्यासाठी तडफडलो ते उत्तर हातात होतं, आणि ते हातात मावत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता लगाम उचलावा आणि राजवाड्याकडं वळावं. तेवढ्यात ती म्हणाली,

"एक गोष्ट मात्र बाजारात कुणालाच माहीत नाही. टांगेवाल्यांना माहीत असेल तर त्यांनी सांगावी."

"काय?"

"शिपायानं शब्द दिला होता, साडेचारपर्यंत थांबतो. त्याच्या बाजूचे साडेचार. मुलगी पोचली तेव्हा त्याच्या बाजूला साडेचारला पाच कमी असणार. पाच मिनिटं होती अजून. मग तो कुठं होता?"

मी थापाड्या माणूस. सांगायला काय नव्हतं? शिपायाला साप चावला. शिपायाला सरकारांनी तातडीनं बोलावलं. शिपाई साडेचारपर्यंत दगडासारखा उभा होता आणि एका मिनिटानं चुकामूक झाली. डझनभर गोष्टी माझ्या जिभेवर येऊन बसल्या, कबुतरांसारख्या. कुठलीही उडवली असती तरी तिनं झेलली असती.

"शिपाई गेला होता," मी म्हणालो.

"केव्हा?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

मागं बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"दहाच मिनिटं?" सरांनी विचारलं.

"शिपायांची एक रीत असते, सर. हाक आली की जायचं. त्याच्या नावाची हाक आली. कसब्याला जायचं होतं."

"हाक नाकारता आली नसती?" महानंदानं विचारलं.

"आली असती."

"नाकारली असती तर काय झालं असतं?"

"काही नाही. दिवसभर रांगेच्या शेवटाला उभं केलं असतं."

"मग?"

"भ्याला. त्याला वाटलं, ती आली तर? मोठ्या घरची पोर, पुण्यात नेऊन ठेवायची कुठं, खायला घालायचं काय? चार वाजून गेले, ती दिसली नाही. दहा मिनिटांत त्यानं स्वतःला पटवलं की ती येतच नाही. हाक आली तशी त्याला सुटल्यासारखं झालं. नंतर जन्मभर तो सांगत फिरला, मी थांबलो, तीच आली नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गुलाबला नाही, बायकोला नाही. अकरा वर्षांत मी स्वतःलाही ते नीट ऐकू दिलं नव्हतं.

तोडकर सर मनोऱ्याकडं बघत होते. मग त्यांनी टोक केलेली पेन्सिल कोटाच्या वरच्या खिशात ठेवली आणि वही मिटली.

"मी अठरा वर्षं इतिहास शिकवतोय," ते हळूच म्हणाले. "गोष्टीतला शिपाई मरेपर्यंत उभा राहतो. त्याच्या पायाखाली वारूळ होतं, त्याची समाधी होते, तिथं जत्रा भरते. चार वाजून दहा मिनिटांनी निघून जाणारा शिपाई कुणी रचत नाही. थाप मारणारा माणूस स्वतःला इतकं लहान करत नाही."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"ही मी लिहीत नाही," ते म्हणाले. मग खाली उतरले, छत्री उघडली. "मी जरा मनोऱ्याला वळसा घालून येतो. चारही बाजू नीट बघायच्यात. सावकाश बघणार आहे मी." आणि मागं वळून तिला म्हणाले, "तू बस. ऊन आहे."

ऊन कुठलं, सावली होती. ते कारंज्याच्या बाजूनं गेले, कोपऱ्यावर क्षणभर थांबले आणि दिसेनासे झाले.

आम्ही तसेच बसून राहिलो. पाठमोरे. टांग्याखाली एक चिमणी दाणे टिपत होती.

"मी पळत आले होते, हैबती," ती म्हणाली. "चपला हातात घेऊन."

मी पायाखालच्या फळीकडं बघितलं.

"वरातीनंतर रोज गणित करायचे. त्या रविवारी घड्याळ तीस मिनिटं मागं असेल, की पस्तीस? तीस असेल तर मी वेळेत पोचले. पस्तीस असेल तर तू थांबून थांबून नुकता गेला असशील. कधी तीस धरायचे, कधी पस्तीस. पस्तीस धरलं की बरं वाटायचं. वाटायचं, तुझा काही दोष नाही, माझा नाही, पाच मिनिटांचा आहे." ती थांबली. "पाच मिनिटांवर मी अकरा वर्षं काढली. आणि तू..."



"महानंदा," मी म्हणालो.

"ह्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं," ती म्हणाली. "आज कळलं असेल त्यांना. बघ, किती वेळ लावतायत."

मला मागं वळायचं होतं. फक्त मान वळवायची होती, काही अवघड नव्हतं. मी लगामाची वादी बोटाला गुंडाळत राहिलो. मागचं माणूस उतरलं की टांग्याचं वजन पुढं येतं आणि दांड्या घोडीच्या पाठीवर दबतात. हाकणाऱ्याला बघावं लागत नाही, हातातच कळतं. दांड्या दबल्या. मैनेनं एक पाऊल पुढं टाकलं.

तोडकर सर पूर्वेच्या कोपऱ्यावर येऊन उभे होते. ती त्यांच्यापाशी गेली. त्यांनी छत्री तिच्या बाजूला धरली. "आता बाजारातून चालत जाऊ," ती त्यांना म्हणाली, "तिकडं टांग्याला बंदी आहे." सरांनी माझ्याकडं वळून हात जोडले. "तुम्ही जा, टांगेवाले. आम्ही पलीकडूनच एस.टी. गाठू. थांबू नका."

दोघं कमानीखालून गेली. हिरवी इरकल पोत्यांच्या थप्प्यांमधून थोडा वेळ दिसत राहिली, मग एका हमालाच्या पाठीवरचं पोतं आड आलं आणि ते सरकल्यावर पलीकडं कुणी नव्हतं.

मैना स्टँडकडं निघायला बघत होती. मी लगाम ओढून धरला.

पश्चिमेच्या तोंडात चार वाजले. भडंगाच्या गाडीवर लसूण पडला. साडेचार झाले. मग एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन टांग्यापाशी आले.

"काय ओ, स्टेशनला येणार का? मोकळाय न्हवं?"

"न्हाई."

त्यांनी रिकाम्या टांग्यात पुढं-मागं वाकून बघितलं. "कुनी यायचं हाय का?"

मी कमानीकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.